बाटलीभर त्रिकुटं, समुद्रभर डाव

बावीस हजार शंभर! बावन्न पानांच्या एका कॅटमधून तीन पानं उचलायच्या तऱ्हा मोजायला बसलात, तर बरोबर एवढ्या भरतात. बदाम तिर्री, किलवर गुलाम, इस्पिक नव्वी ही एक तऱ्हा. चौकट एक्का आणि दोन राण्या ही दुसरी. अशा २२,१००. आकडा ऐकायला फार मोठा वाटत नाही ना? मग सकाळी विरार स्टेशनात या. गर्दीच्या वेळी बारा डब्यांची एक लोकल पाच हजारांच्या आसपास माणसं पोटात घालते. प्रत्येकाच्या हातात एकेक त्रिकूट द्या, कोणाचंही दुसऱ्यासारखं नको. पहिली लोकल भरली, सुटली. दुसरी भरली, सुटली. तिसरी. चौथी. आणि पाचवीचे पाच डबे गच्च झाले तेव्हा कुठे त्रिकुटं संपली!

यातलं एक, फक्त एक, तुमच्या वाट्याला येतं. तुम्ही ते छातीशी धरून हळूच उघडता, आणि दोन-तीन सेकंदांत तुम्हाला ठरवायचं असतं: चाल टाकायची, की पॅक व्हायचं?

वसई-विरारकरांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. चर्चगेट साठ किलोमीटर, फास्ट लोकलनेसुद्धा सव्वा ते दीड तास. नालासोपाऱ्याचा माणूस बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलटा विरारला जातो, आणि एकदा जागा मिळाली की चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग आडवी पडते आणि तिच्यावर पानं. शेजारच्या डब्यात टाळ वाजत असतात, इथे रमी, मेंढीकोट, कधी तीन पत्ती. सार्वजनिक जागी पैसे लावून जुगार खेळणं हा गुन्हा आहे, तेव्हा या लेखातली सगळी मंडळी काड्यापेटीच्या काड्यांवर खेळत आहेत असं धरू. रुपये आलेच तर ते हवेतले.

आपण घेणार आहोत तो खेळ मात्र उलटा आहे. मुफलिस. तीन पत्तीच, पण इथे सगळ्यात हलका माणूस जिंकतो. तीन एक्के आले की एरवी माणूस आनंद लपवण्यासाठी खिडकीबाहेर बघतो. मुफलिसमध्ये तोच माणूस खिडकीबाहेर बघतो, पण वेगळ्या कारणाने. जोडी नको, रंग नको, सीक्वेन्स नको, ट्रेल तर नकोच नको. सगळ्यात भारी काय? दुर्री, तिर्री, पंजी, तिन्ही एका रंगाची नसलेली. लहानपणी सुट्टीत आपण पाच-तीन-दोन खेळायचो. मुफलिसच्या राजाचं नाव अगदी तेच!

आता आपल्या साडेचार लोकलींतून एक फेरफटका मारू. ट्रेलवाले किती? ५२. शुद्ध सीक्वेन्सवाले ४८. साध्या सीक्वेन्सचे ७२०. रंगवाले १,०९६. जोडीवाले ३,७४४. आणि काहीच नसलेले? १६,४४०! म्हणजे तीन लोकल पूर्ण भरून चौथीत पुन्हा दीड हजार माणसं, सगळी रिकाम्या हातांची. साध्या तीन पत्तीत ही जनता रडते. मुफलिसमध्ये हीच जनता राज्य करते. पण थांबा, सगळ्यांना राज्य नसतं. ज्यांचं वरचं पान नव्वी किंवा त्याहून खाली आहे असे फक्त ३,०००, म्हणजे एका लोकलचे जेमतेम सात डबे. ज्यांचं वरचं पान सत्ती किंवा खाली, असे ९६०. सव्वादोन डबे! आणि पाच-तीन-दोनवाले? साठ. एका डब्याच्या दाराशी लटकलेला घोळका, बस्स. २२,१०० मधले साठ, म्हणजे ३६८ डावांत एकदा.

हे ३६८ किती मोठे? धरून चाला की तुमचा सहा जणांचा ग्रुप एका खेपेत वीस डाव काढतो. जाऊन-येऊन चाळीस. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तर बारा हजार डाव. एवढ्यात पाच-तीन-दोन तुमच्याकडे बत्तीस-तेहेतीस वेळा येईल. महिन्याला तीनदाही नाही! आणि ज्या संध्याकाळी ती येईल त्या संध्याकाळी बाकीचे पाचही जण पहिल्याच फेरीत पॅक होतील, हा काही गणिताचा नियम नाही, पण लोकलचा आहे.

आता खरी गंमत. डब्यात सहा जण बसलेत, तुम्ही आणि समोर पाच. तुमच्या हातात सत्ती वरची, आणि तीही सत्तीतली सगळ्यात रडकी. पाचही जण तुमच्यापेक्षा जड निघतील याची शक्यता किती? ढोबळमानाने ऐंशी टक्के! मांडी ठोकून बसा. अठ्ठी वर असेल तर? पासष्ट. नव्वी? अठ्ठेचाळीस, म्हणजे नाणं उडवल्यासारखं. दश्शी? एकतीस. गुलाम? सोळा. राणी? सहा. राजा? दीड टक्का!

बघितलंत कसं घसरतं ते? सत्तीपासून राजापर्यंत सहा पायऱ्या, आणि ऐंशीवरून थेट दीडवर. गुलामापर्यंत तर एकेका पानाला पंधरा-सतरा टक्के गळतात. जीवदानीच्या पायऱ्या उतरताना सुद्धा माणूस एवढ्या वेगाने खाली येत नाही. आणि गुलामावर जरा थांबा. सहा जणांनी सारख्याच काड्या टाकल्या, तर प्रत्येकाचा न्याय्य वाटा एक षष्ठांश, म्हणजे साडेसोळा टक्क्यांच्या किंचित वर. गुलाम-दश्शी-अठ्ठी या गुलामांतल्या शेवटच्या त्रिकुटाची शक्यता सोळा टक्क्यांच्या किंचित वर. जवळपास बरोबरी! साडेचार लोकल भरून माणसं मोजली आणि सीमारेषा निघाली ती नेमकी गुलामाच्या टोपीवर. त्याच्या वर राणी, राजा, एक्का असेल तर पॅक. खाली असेल तर बघू.

पण हे झालं कोणी चाल टाकायच्या किंवा पॅक व्हायच्या आधीचं गणित. प्रत्यक्षात डावात पाचही जण राहत नाहीत. दोघे पॅक होतात, आणि जे उरतात ते उगाच उरलेले नसतात. राणीवाले, जोडीवाले निघून गेले. चाल टाकणारा समोरचा माणूस आता साडेचार लोकलींतला कोणीही नाही, तो त्या सात डब्यांतला आहे. मग गुलामाची सीमारेषा खाली सरकते, दश्शीवर येते, नव्वीवर येते. माझं मत विचाराल तर दुसऱ्या फेरीनंतर दश्शी घेऊन बसणारा माणूस गणितासाठी बसलेला नसतो, अंधेरी येईपर्यंत वेळ काढायला बसलेला असतो.

या मुफलिसचा एक परदेशी मोठा भाऊ आहे. त्याचं नाव रॅझ. लास वेगासच्या जागतिक पोकर स्पर्धेत तो १९७१ पासून खेळला जातो, आणि त्याचाही सगळा उलटाच कारभार: सात पानं मिळतात, त्यांतली पाच सगळ्यात हलकी धरायची, एक्का सगळ्यात लहान, आणि रंग-सीक्वेन्सचा दंड नाही. सगळ्यात भारी हात एक्का-दुर्री-तिर्री-चव्वी-पंजी. सुरुवातीला तीन पानं मिळतात, दोन झाकलेली, एक उघडी. म्हणजे पुन्हा तीच २२,१०० त्रिकुटं! यातली खेळण्याजोगी किती? जाणती माणसं म्हणतात, अठ्ठी किंवा खालची तीन वेगवेगळी पानं असतील तरच पुढे जावं. अशी त्रिकुटं ३,५८४. शंभरात सोळा. सहा डावांत जेमतेम एक! बाकीच्या पाच वेळा पानं बघायची आणि टाकून द्यायची. दिवसाला आपले चाळीस डाव रॅझचे असते, तर तेहेतीस-चौतीस वेळा तुम्ही फक्त पॅक झाला असतात आणि सहा-सात वेळाच खेळला असतात. साठ किलोमीटरचा प्रवास आणि त्यातले पन्नास किलोमीटर नुसतं बघत बसायचं!

याहून भन्नाट गोष्ट पुढे आहे. रॅझच्या टेबलावर आठ माणसं बसतात. प्रत्येकाला सात पानं. आठ साती छप्पन्न. कॅटमध्ये पानं किती? बावन्न! चार पानं कमी! म्हणजे ज्यांनी हा खेळ बसवला त्यांनी जन्मापासूनच गृहीत धरलं की सगळे काही शेवटपर्यंत टिकणार नाहीत. पॅक होणारी माणसं नसतील तर खेळाला पानंच पुरत नाहीत. (आठही हट्टी निघाले तर? शेवटचं एकच पान मधोमध उघडतात आणि ते सगळ्यांचं मिळून धरतात. पण असं टेबल दिसणं म्हणजे साडेआठच्या विरार लोकलमध्ये खिडकी मिळणं.)

आपल्या रमीनेही माघारीचे दर ठरवून ठेवलेत. एकही पान न उचलता ड्रॉप घेतला तर वीस गुण, खेळून मध्येच सोडला तर चाळीस, आणि फुल्ल काउंट बसला तर ऐंशी. एका हट्टाची किंमत चार ड्रॉप! १०१ च्या खेळात पाच वेळा पहिल्याच फटक्यात ड्रॉप घेतलेला माणूस शंभरावर असतो आणि तरीही जिवंत असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली आंध्र प्रदेश सरकार विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सांगितलं की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, काय धरायचं आणि काय टाकायचं याला डोकं लागतं. तीन पानांच्या खेळाला मात्र न्यायालयाने नशिबाच्याच खात्यात टाकलं. गुलामाच्या सीमारेषेचं आपलं गणित त्या दिवशी कोणी न्यायालयापुढे मांडलं असतं तर निकाल बदलला असता असं नाही, पण मला ऐकायला आवडलं असतं.

आता पॅक न होण्याची किंमत रुपयांत मोजू. हवेतल्या रुपयांत! पाच जण बसलेत. पहिली चाल एक रुपया. आणि सगळ्यांनी इरेला पेटून ठरवलं की प्रत्येकाने मागच्याच्या दुप्पट टाकायचं. एक. दोन. चार. आठ. सोळा. बत्तीस. अजून हसताय? दहा वेळा दुप्पट झाली की चाल १,०२४ रुपये. वीस वेळा झाली की १०,४८,५७६. साडेदहा लाख, आणि प्रत्येकाची पाळी फक्त चारदाच येऊन गेली आहे! तीस वेळा: १०७ कोटी. चाळीस वेळा: १ लाख ९ हजार ९५१ कोटी! मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या अख्ख्या प्रकल्पाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटी होता. त्यात बोगदे आले, पूल आले, गाड्या आल्या आणि आपल्या विरारचं स्टेशनही आलं. ते सगळं विकत घेऊन १,९५१ कोटी सुट्टे परत! आणि याला वेळ किती लागला? एका चालीला पाच सेकंद धरा. चाळीस चाली, दोनशे सेकंद. तीन मिनिटं वीस सेकंद. विरारहून सुटलेली लोकल अजून नालासोपाऱ्याला पोचलेली नाही!

या दुपटीच्या पोटात एक भयंकर गोष्ट दडलेली आहे. एक, दोन, चार, आठ यांची बेरीज पंधरा. पुढची चाल सोळा. सोळापर्यंतची बेरीज एकतीस, पुढची बत्तीस. कुठेही थांबून बघा, तुमच्यापुढे आलेली चाल ही आतापर्यंत सगळ्यांनी मिळून टाकलेल्या एकूण एक पैशापेक्षा जास्त असते, आणि नेमकी एका रुपयाने जास्त! ‘आता एवढे घातलेच आहेत तर’ असं म्हणणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवं. एवढे घातलेत ते सगळ्यांचे मिळून जितके आहेत, त्याहून जास्त आता एकट्याने घालायचेत.

चला, रुपये बाजूला ठेवू आणि पाण्याकडे येऊ. वसई-विरारमध्ये पाण्याचं माप सगळ्यांना कळतं. बाटली, पिंप, टँकर, विहीर. तेव्हा आपण प्रत्येक शक्यतेला पाण्याचा एक थेंब देऊ. ड्रॉपरने औषध घालताना वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, तोच हिशेब.

तीन पानांच्या २२,१०० तऱ्हा: १.१ लिटर. प्रवासात बॅगेला अडकवलेली बाटली, त्यावर एक घोट. साडेचार लोकल भरलेली ती सगळी दुनिया तुम्ही दादरपर्यंत पिऊन टाकाल!

पाच पानांच्या तऱ्हा २५,९८,९६०. थेंब करा: १३० लिटर. बाथरूममधलं पिंप.

रॅझची सात पानं: १३,३७,८४,५६०. साडेतेरा कोटींच्या आसपास. थेंबांत ६,६८९ लिटर. सोसायटीच्या गेटवर उभा राहणारा दहा हजार लिटरचा टँकर दोन तृतीयांश भरला! वर्षाला आपले बारा हजार डाव या वेगाने ही सगळी सप्तकं एकदाच पाहायची म्हटलं तर ११,१४९ वर्षं लागतील. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्याच सोपाऱ्यात अशोकाचा शिलालेख सापडला, तो सव्वादोन हजार वर्षांचा. अशोकाच्या माणसांनी सोपाऱ्याच्या बंदरात बसून पहिला डाव वाटला असता, तर आज पाचवा हिस्सा झाला असता. आणि वर पेन्शन नाही!

पण रॅझ खेळणारा हा टँकर बघत बसत नाही, तो तो रिकामा करतो. कसा ते बघा. आठ जण, प्रत्येकाचं एक पान उघडं. तुम्हाला तुमची तीन दिसतात, समोरच्यांची सात दिसतात. दहा पानं कळली, बेचाळीस उरली. तुमची पुढची चार पानं आता १,११,९३० तऱ्हांनी येऊ शकतात. थेंब मोजा: साडेपाच लिटर! टँकरची एका नजरेत छोटी कळशी झाली. समजा पाच जण लगेच पॅक झाले, तुम्ही आणि दोघे उरलात. चौथं पान आलं, पाचवं आलं. सोळा पानं उघडी पडली, छत्तीस अंधारात. तुमची दोन यायची आहेत, तऱ्हा ६३०. थेंबांत ३१ मिलिलिटर, खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं. सहावं पान आलं: आता अंधारात तेहेतीस पानं आणि तुमचं एकच यायचं. तेहेतीस थेंब. अर्धा चमचाही नाही! टँकर ते चमचा, आणि मध्ये काय घडलं? कोणी पान दाखवलं, कोणी पान टाकलं, तुम्ही बघितलं.

बघण्याला किती किंमत आहे? पाच पानं झाली आहेत. तुमच्याकडे एक्का, दुर्री, चव्वी, सत्ती आणि मध्येच येऊन बसलेला एक राजा. दोन पानं यायची आहेत आणि तुम्हाला तिर्री, पंजी, छक्की, अठ्ठी यांतलं एक हवंय. कॅटमध्ये अशी पानं सोळा. त्यांतलं एकही अजून कोणाकडे दिसलं नसेल, तर तुमचं काम होण्याची शक्यता सत्तर टक्के! त्यांतली सहा आधीच इतरांपुढे उघडी पडलेली असतील, तर ती अठ्ठेचाळीस टक्के. हात तोच, राजा तोच, चेहरा तोच. फक्त समोर पडलेली सहा पानं, आणि बावीस टक्के गायब. पहिल्या वेळी राहायचं, दुसऱ्या वेळी चाल महाग असेल तर निघायचं. जो दुसऱ्यांनी पॅक होताना टाकलेली पानं विसरला, तो या दोन वेळांत फरकच करू शकत नाही. रमीतली काकामंडळी ‘इस्पिकची नव्वी दोनदा गेली रे’ असं पुटपुटत असतात ना, ती हाच टँकर उपसत असतात.

आता पाणी वाढवू. एका कॅटमधून तेरा पानं: ६३,५०१ कोटी तऱ्हा! पिंप सोडा, टँकर सोडा. पाच मीटर रुंद आणि दहा मीटर पाणी असलेली एक विहीर घ्या, वसईच्या वाडीत शोभेल अशी. तिच्यात दोन लाख लिटर पाणी, म्हणजे ४०० कोटी थेंब. अशा विहिरी किती लागतील? १५९! मुंबईहून पुण्याला निघा आणि दर किलोमीटरला एक काठोकाठ विहीर मोजत जा. पनवेल गेलं, विहिरी. खोपोली गेली, विहिरी. घाट चढला, विहिरी. दीडशे किलोमीटर संपले, पुणं आलं, आणि नऊ विहिरी अजून शिल्लक! आणि प्रत्येक विहिरीतला प्रत्येक थेंब म्हणजे एका माणसाच्या हातात येऊ शकणारी तेरा पानं.

हे एका माणसाचं झालं. मेंढीकोटला चार जण बसतात, प्रत्येकाला तेरा. चौघांची पानं मिळून किती तऱ्हांनी वाटली जाऊ शकतात? आता कोटी चालत नाहीत, अब्ज चालत नाहीत. लिहायला घ्या: ५३,६४४ आणि त्यापुढे आणखी चोवीस आकडे. एकूण एकोणतीस आकडी संख्या! विहिरी विसरा. वसईच्या खाडीपासून सुरुवात करा, अरबी समुद्र घ्या, हिंदी महासागर घ्या, पॅसिफिक घ्या, जगातलं सगळं खारं पाणी एकत्र करा, १३३ कोटी घन किलोमीटर. त्याचे थेंब करा. पुरणार नाहीत! अशा दोन हजार पृथ्वींचे समुद्र लागतील, तेव्हा मेंढीकोटच्या प्रत्येक वाटणीला एक थेंब मिळेल. गणपतीच्या जागरणात चार जण चटईवर बसून ‘चल, अजून एक डाव’ म्हणतात, तो एक डाव या दोन हजार समुद्रांतला एक थेंब असतो.

आणि अजून संपलेलं नाही! हे झालं कोणाकडे कोणती पानं गेली एवढंच. कॅट पिसल्यावर बावन्न पानं एकाखाली एक ज्या क्रमाने बसतात ते क्रम मोजायचे राहिले. पहिल्या जागी बावन्नांतलं कोणतंही. दुसऱ्या जागी एक्कावन्नांतलं. मग पन्नास. मग एकोणपन्नास. गुणत जा, गुणत जा, थेट एकापर्यंत. दहा पानांतच पाचशे सत्तर कोटी कोटी ओलांडलेले असतात! शेवटी जी संख्या उभी राहते ती अडुसष्ट आकडी. ८०,६५८ आणि पुढे त्रेसष्ट आकडे. या क्रमांना एकेक थेंब द्यायला किती पृथ्वींचे समुद्र हवेत? दोन हजार? दोन कोटी? तीनावर बेचाळीस शून्यं एवढे! थेंबांऐवजी अणू वाटले तरी भागत नाही. ही अख्खी पृथ्वी, तिचे डोंगर, समुद्र, सह्याद्री, जीवदानी, आपण सगळे, अणू-अणू सुटे केले तरी अशा सहा हजार कोटी कोटी पृथ्व्या लागतील.

आता जगातल्या आठशे कोटी माणसांना एकेक कॅट द्या. सगळ्यांना विश्वाच्या जन्माच्या दिवशी नेऊन बसवा, १,३८० कोटी वर्षांमागे. सांगा, दर सेकंदाला एकदा पिसा, जेवायला उठायचं नाही, झोपायचं नाही, आणि प्रत्येक वेळी नवा क्रम आला पाहिजे. आजच्या या क्षणापर्यंत त्यांनी मिळून किती समुद्र भरले असतील? एकशे तीस. हवेत तीनावर बेचाळीस शून्यं, आणि झाले एकशे तीस! नीट पिसलेला कॅट तुम्ही बॅगेवर ठेवता तेव्हा तो क्रम या विश्वात आजवर कधी कोणाच्या हातात आलेला नसतो, ही गोष्ट जवळजवळ छातीठोकपणे सांगता येते. आणि तो कधीही न घडलेला क्रम वाटला जातो, तीन पानं तुमच्याकडे येतात, तुम्ही राणी बघता आणि दोन सेकंदांत म्हणता: पॅक!

फक्त त्यात ‘नीट पिसलेला’ हा शब्द महत्त्वाचा. १९९२ साली डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितींनी दाखवलं की कॅटचे दोन भाग करून पानं एकमेकांत फडफडवत सोडली, तर सात वेळा पिसणं पुरतं. पण लोकलमध्ये तेवढी जागा कोणाला? आपण पानं हातातल्या हातात वरखाली करतो. त्या पद्धतीने कॅट खरोखर विस्कटायला दहा हजारांच्या घरात वेळा पिसावं लागतं. एका वेळेला सहा सेकंद धरा: साठ हजार सेकंद, पावणेसतरा तास. विरार–चर्चगेट अकरा खेपा, नुसतं पिसत! तेवढं कोणी करत नाही. म्हणून आधीच्या रमीतले सीक्वेन्स आणि मेंढीकोटमधले एका रंगाचे हात कॅटमध्ये एकमेकांना चिकटून बसलेले असतात, आणि त्याच कॅटवर कोणी मुफलिस काढलं आणि घाईघाईने तीन-तीन पानं एकदम वाटली, तर आपलं २२,१०० चं सगळं गणित ढासळतं. सीक्वेन्स आणि रंग जास्त येतात, गुलामाची सीमारेषा हलते. तेव्हा वाटणारा तीन-तीन उचलायला लागला की त्याचा हात धरा आणि एकेक वाटायला लावा.